श्वास आत ओढून

ऑस्लाच्या लग्नात गिब्बीमामा बोलणार नाही, ही बातमी खुद्द नवरीला कळली ती लग्नाच्या दिवशी सकाळी, आणि तीही लीबीच्या तोंडून. लीबीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या हॅमारवो गावाला ठाऊक होतं. नवरीच्या आईला, ग्रेसला, तर लहानपणापासून ठाऊक होतं, कारण लीबी तिची सख्खी मावशी. तरी आठवडाभर तिने ही गोष्ट त्याच मावशीच्या पोटात ठेवायला दिली होती. मांजराला मासळी राखायला सांगावी तशी.

ग्रेस तेव्हा पुढच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली होती. हॅमारवोचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे त्या खोलीतला एक लाकडी फळा, त्यातली भोकं आणि भोकांत खुपसायच्या दोऱ्या. पोरीचं लग्न आहे म्हणून लोकांचे फोन थांबत नाहीत. शेजारची बेसी येऊन फळ्यापाशी बसणार होती, तोवर ग्रेसच.

"हॅमारवो एक्स्चेंज. आपल्याला कोणता नंबर हवा आहे?"

या आवाजाला गावात 'इस्त्रीचा आवाज' म्हणत. कुठे चुणी नाही, कुठे सुरकुती नाही. तसा इस्त्रीचा आवाज स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या शेटलंड बेटांवर प्रत्येकाकडेच एकेक असतो. दक्षिणेकडचा माणूस बोटीतून उतरला की तो चढवायचा, आणि माणूस परत बोटीत बसला की काढून ठेवायचा. याला तिथे 'क्नॅपणं' म्हणतात. सगळेच थोडंफार क्नॅपतात, आणि मागाहून एकमेकांच्या क्नॅपण्यावर पोट धरून हसतात. ग्रेस मात्र एकदा क्नॅपायला लागली ती पुन्हा थांबली नाही. नवऱ्याशी, टॅमीशी, तसंच बोलली, पोरीला तसंच वाढवलं, आणि टॅमी गेला तेव्हा रडलीही इस्त्री करूनच, असं लीबी म्हणायची.

ऑस्ला आत आली ती केसांत चिमटे तसेच ठेवून.

"आई, मामाला तू गप्प बसायला सांगितलंस?"

ग्रेसने एक दोरी उपटली, दुसरी खोचली. "मी त्याला विनंती केली."

"बाबा नाहीत. नवरीच्या बाजूने बोलायचा मान मामाचा. हे मी तुला सांगायला हवं का?"

"शाळेचे मास्तर बोलणार आहेत. ते फार छान बोलतात."

"मास्तर माझे कोण?"

"ऑस्ला, तुझ्या सासरची लॉकहार्ट मंडळी एडिनबरातली आहेत. मामा उठून उभा राहिला आणि तोंड उघडलं, तर त्यांना एक अक्षर कळणार नाही. आणि कळलं नाही की माणसं काय करतात, ते तुला माहीत नाही."

"काय करतात?"

मागून लीबी आली, हातात सुपाची पळी तशीच. धुरावर सुकवलेल्या मटनाचा वास तिच्याबरोबर खोलीत शिरला.

"हसत्यात," लीबी म्हणाली. "हसली तर हसली. हसल्यानं कुनाची दातं पडत न्हाईत."

"मावशी, सूप करपेल."

"माजं सूप कंदी करपलं न्हाई. तुजं डोस्कं करपलंय."

ऑस्ला खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर ग्रेसला सोपं गेलं असतं.

"शाळेत पोरी मला दोरीवर उड्या मारायला घेत नसत, आई. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, आली बघा बाईसाहेब. मला गावाची बोली सगळी कळते आणि एक वाक्य बोलता येत नाही. मी बोलायला गेले तर ती नक्कल वाटते. आणि आता राहते त्या एडिनबरात विचारतात, तू बेटावरची, मग तुझ्या बोलण्यात काहीच कसं नाही? मी कुठलीच नाही. निदान माझ्या लग्नात कुणीतरी कुठलंतरी बोलू दे."

"मास्तरांना मी शब्द दिलाय."

"मग माझाही शब्द ऐक. मास्तर भाषणाला उठले, की मी उठून बाहेर जाईन. लग्नाच्या झग्यात, सगळ्यांदेखत. आणि बोटीत बसेन ती परत या घरी यायची नाही."

ती गेली. टॅमीचीच मुलगी ती. टॅमीही असाच हळू बोलायचा आणि बोललेलं करायचा.

फळ्यावर दिवा लागला. ग्रेसने दोरी खोचली. "हॅमारवो एक्स्चेंज," ती म्हणाली, आणि तिचा स्वत:चा आवाज तिला कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू आला.

*

गिब्बी मागच्या दाराने आला. भिंतीशी त्याने ओटाच्या पेंढ्याचा एक भला मोठा भारा टेकवला आणि बूट बाहेर काढून मोज्यांवर आत आला. भाऊ ग्रेसहून मोठा. जन्म सगळा समुद्रावर गेलेला, त्यामुळे चार हातांवरच्या माणसाशीही तो वाऱ्यावरून हाक मारल्यासारखा बोले.

"गर्झी, पोरगी रडतीया."

"मला ग्रेस म्हण."

"ग्रेस त्या एडिनबऱ्याच्या बाईनं ठेवल्यालं नाव. आईनं गर्झी ठेवलं व्हतं."

ते खरं होतं. सतराव्या वर्षी ग्रेस एडिनबऱ्याला एका मोठ्या घरात कामाला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी मालकीण म्हणाली होती, गर्झी हे काही माणसाचं नाव नाही. वाईट नव्हती बाई. पोटभर खायला घालायची. पण चहाला पाहुणे आले की घंटा वाजायची. ग्रेस, यांना सांग बरं, तुमच्याकडे कोकराला काय म्हणतात? आणि पावसाला? पुन्हा एकदा म्हण. मग बायका तोंडाला रुमाल लावत, आणि ग्रेसच्या हातावर एक बिस्किट ठेवलं जाई. कुत्र्याने पंजा पुढे केला की ठेवतात तसं. पहिल्या हिवाळ्यात तिने ती बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या हिवाळ्यात ती रोज रात्री उशीत तोंड खुपसून मालकिणीसारखं बोलायला शिकली, आणि एके दिवशी घंटा वाजल्यावर तिने कोकराला मालकिणीच्याच शब्दाने कोकरू म्हटलं. पुन्हा घंटा वाजली नाही. पुढे ती घरी परतली, लग्न केलं, पण ती जीभ काही परत बदलली नाही. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. टॅमीलासुद्धा नाही.

"तुला दिलेला शब्द म्या पाळतू," गिब्बी म्हणाला. "गिब्बी हॅलक्रो आज तोंड उघडनार न्हाई."

"मी तुझी आभारी आहे."

"पर स्केक्लर येत्याल."

ग्रेसने भिंतीशी टेकवलेल्या पेंढ्याकडे पाहिलं. स्केक्लर तिने लहानपणी पाहिले होते. डोक्यापासून पायापर्यंत पेंढ्याचे कपडे, डोक्यावर उंच पेंढ्याची टोपी, तोंडावर पांढरं फडकं. लग्नघरी न बोलावता येणार आणि नाचणार. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास बाहेर सोडत नव्हे, आत ओढत बोलणार. घोरणाऱ्या माणसाने मधेच दोन शब्द बोलावेत तसं ते ऐकू येई. नवरीने एकेकाला ओळखायचं, तीन वेळा नाव घ्यायची मुभा. ओळखला तर फडकं वर. न ओळखला तर आला तसा झाकल्या तोंडाने बाहेर. आता तरणी पोरं जुने कोट आणि मुखवटे घालून येत. पेंढ्याचे कपडे कुणी विणत नव्हतं.

"हे तू विणलंस?"

"पाच जोड. समदा हिवाळा गेला." तो हसला. "माझी बोली पाव्हन्यास्नी नगं ना? मग श्वास आत वढून बोलतू. आत वढलेल्या श्वासाला गाव नसतंय. राजाचा बी तसाच आन् माजा बी तसाच."

"गिब्बी, तू मला टोमणे मारायला आलास."

"व्हय," गिब्बी म्हणाला, आणि बूट घालायला बाहेर गेला.

*

चर्चपर्यंत वरात फिडलवाल्यामागे चालत गेली. वाटेत प्रत्येक घरातून बंदुकीचा बार निघाला. मिसेस लॉकहार्टनी पहिल्या बाराला नवऱ्याचा हात धरला आणि तिसऱ्या बारापासून त्यांना मजा वाटू लागली. त्या प्रसन्न बाई होत्या. ग्रेसला त्या पाहताक्षणी आवडल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची तिला जास्त धास्ती होती.

मंडळी गावच्या सभागृहात जेवायला बसली तेव्हा बाहेर दुपार संपून अंधार पडला होता. तिथल्या हिवाळ्यात दुपार म्हणजे नाव घेण्यापुरतीच. लांब टेबलांवर सूप आलं, मटन आलं, तव्यावरच्या जाड भाकऱ्या आल्या. वरच्या टेबलाशी ऑस्ला आणि तिचा इयुअन, त्याचे आईवडील, आईची बहीण, मास्तर, लीबी, आणि ग्रेस. गिब्बीची खुर्ची रिकामी होती. मास्तरांनी कोटाच्या खिशातून कागद काढून ताटाशेजारी ठेवले होते, आणि ऑस्ला त्या कागदांकडे बर्फाला तडा जातोय का बघावं तशी पाहत होती.

"हे मांस किती वेगळं लागतं," मिसेस लॉकहार्ट लीबीला म्हणाल्या. "कसं करतात हे?"

लीबीला कुणी असं विचारलं की तिला चेव येई. तिने पळी खाली ठेवली.

"मीठपान्यात मुरवायचं, मग चुलीवरच्या तुळईला टांगायचं. पीटच्या वाळल्या ढेकळांचा धूर आडवा लागला पायजेल, उभा न्हाई. उभ्या धुरानं काळं पडतंय आन् चव घोड्याच्या खोगिराची."

मिसेस लॉकहार्टचा चेहरा उजळला. "अय्या, किती गोड. पुन्हा एकदा म्हणा ना."

लीबीने पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा जरा जोरात. तिला वाटलं बाईला ऐकू कमी येतं.

"जॉर्ज, ऐकलंस? ते खोगीर. आणखी एकदा, याच्यासाठी."

इयुअन पुटपुटला, "आई, पुरे." पण मिसेस लॉकहार्टनी पलीकडच्या बहिणीच्या दंडाला हात लावला होता आणि तीही वाकून बघत होती. तिच्या ओठांशी रुमाल होता. कदाचित सूप पुसायलाच असेल.

लीबीने त्या तीन चेहऱ्यांकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातली बाई. धर्मगुरूला, डॉक्टरला, जमीनदाराच्या कारभाऱ्याला तिने आयुष्यभर आपल्याच बोलीत सुनावलं होतं. तिने पळी उचलली, परत ठेवली. मग हात मांडीवर घेतले, मान ताठ केली आणि इस्त्रीच्या आवाजात म्हणाली, "ते मेंढीचं मांस आहे, बाईसाहेब. धुरावर सुकवलेलं आहे."

अगदी वाईट क्नॅपली ती. कुणा दुसऱ्याचे बूट घालून चालल्यासारखी. गावात आजवर कुणी लीबीला क्नॅपताना ऐकलं नव्हतं.

"नको, नको," मिसेस लॉकहार्ट हसून म्हणाल्या, "तुमचं ते आधीचंच छान होतं."

ग्रेसच्या कानात घंटा वाजली. एडिनबऱ्याच्या त्या घरातली, दिवाणखान्यातली. तिच्या तळहातावर बिस्किटाचा चुरा आहे असं तिला वाटलं, आणि तिने हात झग्याला पुसला.

"मी जरा येते," ती म्हणाली आणि उठली.

*

सभागृहामागे जाळी ठेवायची खोपटी होती. आत कंदील, डांबराचा वास, आणि चार पेंढेवाले टोप्या काखेत धरून बाटली फिरवत उभे. पाचवा गिब्बी. कमरेखालचा पेंढा त्याने बांधला होता, वरचा बांधायचा होता.

बहिणीला बघून त्याने बाटली मागे लपवली. मग लपवण्यासारखं काही नाही हे आठवून ती पुढे घेतली.

"काय झालं?"

"लीबी क्नॅपली."

गिब्बीने बाटली खाली ठेवली. चौघांपैकी कुणीतरी म्हणालं, "खोटं."

"ते काढ," ग्रेस म्हणाली. "मला घालायचं आहे."

"तुला?"

"तू मला शब्द दिलास की तू बोलणार नाहीस. न बोलण्याचा शब्द मी कुणाला दिलेला नाही."

गिब्बीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, बोट वळवताना वाऱ्याकडे बघतात तसं. मग गाठी सोडू लागला. त्याने पेंढ्याचा घागरा तिच्या कमरेला बांधला, खांद्यावरून पेंढ्याचा अंगरखा घातला, लोकरी हातमोजे दिले. पेंढा मानेला टोचत होता. त्यातून शेताचा वास येत होता.

"श्वास आत वढून कसं बोलायचं ते ठावं हाय का?" एका पेंढेवाल्याने विचारलं.

"तिला शिकवू नगंस," गिब्बी टोपी तिच्या डोक्यावर बसवत म्हणाला. "जल्मभर ती तसंच बोलतीया."

आणि त्याने फडकं खाली ओढलं.

*

काठ्या आपटत पाचजण आत शिरले तेव्हा आधी पोरं किंचाळली, मग म्हाताऱ्यांनी टाळ्या धरल्या. पेंढ्याचे स्केक्लर बघितलेली माणसं त्या सभागृहात बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या दोघी रडल्या. फिडलवाल्याने विचारलंच नाही, सरळ जुनी चाल धरली. फडक्याआडून ग्रेसला दिवे धुक्यातल्यासारखे दिसत होते. घुंऽऽ, घुंऽऽ असे श्वास आत ओढत चौघे तिच्याभोवती नाचत होते, आणि तीही नाचत होती. शेवटचं कधी नाचली होती ते तिला आठवेना.

चाल थांबली. ऑस्ला टेबलापुढे आली. नवरीने ओळखायचं असतं.

पहिल्या चौघांना तिने भराभर ओळखलं. एकाला बुटांवरून, एकाला ढेरीवरून, दोघे जुळे भाऊ असल्यामुळे एकाबरोबर दुसरा. फडकी वर गेली, ग्लास हातात आले. पाचवा उरला.

"हा तर गिब्बीमामा," ऑस्ला म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"म्या हितं हाय," दारातून आवाज आला. गिब्बी सदऱ्यावर उभा होता, हाताची घडी घालून.

लोक हसले. ऑस्ला गोंधळली. तिने स्केक्लरभोवती एक फेरी मारली. तिचा झगा पेंढ्याला घासून गेला. इतक्या जवळून ग्रेसला तिच्या गळ्यातली टॅमीने दिलेली साखळी दिसली.

"काहीतरी बोल," ऑस्ला म्हणाली.

ग्रेसने श्वास आत ओढला. "घुं."

"बेसी आहे ही."

"बेसी फोनवर हाय," मागून दोघेतिघे एकदम म्हणाले.

दोन नावं झाली. तिसरं सुचेना. मास्तरांना वाटलं, खेळ संपला. ते शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी ग्लासावर चमचा वाजवला, कागद उचलले आणि उभे राहिले.

"सन्माननीय पाहुणे हो," मास्तर म्हणाले.

ऑस्लाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने इयुअनकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि झग्याचा घोळ मुठीत गोळा केला. ग्रेसला ती मूठ दिसली.

तिने फडक्याआड श्वास आत घेतला. आणि बाहेर सोडला.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "आज तुमची पाळी न्हाई."

मास्तर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बसलो.

स्केक्लर असा कधी बोलत नाही. बाहेरच्या श्वासाने तर नाहीच. तो आवाज कुणाचा ते कुणालाच कळेना. तो खालून यायचा, खडबडीत, शब्दाच्या शेवटी किंचित वर जायचा. वरच्या टेबलाशी लीबी अर्धवट उठली होती आणि तिचे ओठ हलत होते. "अ‍ॅनी," ती म्हणाली. अ‍ॅनी तिची बहीण. ग्रेसची आई. ती जाऊन युगं लोटली होती.

ग्रेसलाही तो आवाज ऐकू आला, आणि तो आपल्या घशातून येतोय हे पटायला तिला थोडा वेळ लागला. तिला वाटलं होतं तो मेला असेल. मेला नव्हता. वापरात नसलेल्या होडीसारखा नुसता उताणा पडून होता.

"लीबी मावशी, धुराचं सांगत व्हतीस आन् मदीच थांबलीस. कुनी थांबवलं तुला? आडवा धूर कसा आन् उभा धूर कसा, ते पाव्हन्यास्नी नीट सांग. तुज्या तोंडानं सांग. तुला दुसऱ्याचं तोंड शोभत न्हाई." ती वळली. "आन् तुमी बाईसाहेब. तुमी पाव्हन्या. मानाचं ताट तुमचं, पयला नाच तुमचा. कशाला बी उणं पडनार न्हाई. पर हितं कुनाला पुन्हा येकदा म्हन असं म्हनायचं न्हाई. येकदा बोलल्यालं ऐकायचं. न्हाई उमगलं तर इचारायचं, म्हंजी काय. त्ये आमी सांगू. सांगायला आमाला आवडतंय. पर आमी काय पेटी न्हाई, किल्ली दिली की वाजाया."

मिसेस लॉकहार्ट लाल झाल्या होत्या. "मला तसं म्हणायचं नव्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांना खरंच तसं म्हणायचं नव्हतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या बाईलाही नसेल.

"आता नवरीच्या बाजूनं बोलते," स्केक्लर म्हणाला. "ऑस्ला, तुजा बाप असता तर त्यो दोन वाक्यं बोलून खाली बसला असता, तवा म्या बी दोनच बोलते. घर पायजेल तितं कर, दक्षिनेला कर, चंद्रावर कर. पर सोताच्या चुलीपाशी बसून श्वास आत वढून बोलू नगंस."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑस्ला हलली नव्हती. ती स्केक्लरच्या पांढऱ्या फडक्याकडे बघत होती, जणू नजरेने ते जाळायचं होतं. तिला ओळख पटेना. गावातल्या एकेका बाईचा आवाज ती मनात लावून बघतेय हे ग्रेसला दिसत होतं, फळ्यावर एकेका भोकात दोरी खोचून बघावी तसं. आणि एकही जुळत नव्हता. कसा जुळणार? हा आवाज पोरीने कधी ऐकलाच नव्हता. पाळण्यातसुद्धा नाही.

मग ऑस्लाची नजर वरच्या टेबलाकडे गेली. तिथल्या रिकाम्या खुर्चीकडे. गिब्बीच्या नव्हे, तिच्या शेजारच्या.

तिसरं नाव तिने घेतलं असतं तर खेळ तिथेच संपला असता. तिने ते घेतलं नाही. मुठीतला झग्याचा घोळ तिने सोडून दिला, एक पाऊल पुढे आली, ओठ दोनदा उघडून मिटले, आणि मग अख्ख्या हॅमारवोसमोर ती म्हणाली, "तू... कोन हायस?"

इतकं वाकडं म्हणाली, की मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. लीबीने मान वळवून नुसतं तिकडे पाहिलं. खुसखूस थांबली.

स्केक्लर स्वत:चं नाव कधी सांगत नाही. पण त्या दिवशी इतके नियम मोडले होते की आणखी एकाने काही बिघडत नव्हतं. ग्रेसने फडकं वर केलं. केस विस्कटलेले, गालाला पेंढा चिकटलेला.

"गर्झी," ती म्हणाली. "रॉबी हॅलक्रोची गर्झी. तुजी आई."

आता मात्र गलका झाला. फिडलवाल्याने चाल धरली, गिब्बी मधून वाट काढत आला आणि त्याने बहिणीच्या पाठीत असा धपाटा घातला की पेंढ्याचा भुगा उडाला. मास्तरांनी कागदांची घडी घातली. इयुअनचे वडील एवढा वेळ गप्प बसले होते. त्यांनी लीबीपुढे ताट केलं. "आणखी मटन आहे का हो? आणि उभा धूर म्हणजे काय?"

"आत्ता कसं इचारलंत," लीबी म्हणाली.

आई आणि लेक नाचायला लागल्या, कारण उभं राहून एकमेकींकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. दोन फेऱ्या झाल्यावर ऑस्ला तिच्या कानाशी बोलली, आणि त्यात राग होता, सकाळचाच.

"हे तुझ्यापाशी होतं. मग मला का नाही दिलंस?"

ग्रेसला एडिनबरा सांगता आलं असतं. बिस्किटं सांगता आली असती. ते आज सांगायचं नव्हतं.

"आता घे," ती म्हणाली. "उशीर झालाय. तोंड वेडंवाकडं व्हईल तुजं. लोक हसत्याल."

"हसू देत."

"हसू द्यात," आई म्हणाली. "असं म्हन."

"हसू द्यात," ऑस्ला म्हणाली. या वेळी थोडं कमी वाकडं.

*

नवरानवरीला घेऊन बोट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ग्रेस फळ्यापाशी बसली. खिडकीत पेंढ्याची टोपी ठेवलेली होती. गिब्बी न्यायला विसरला होता, किंवा विसरला नव्हता. पहिला दिवा लागला तो लर्विकच्या मोठ्या एक्स्चेंजचा. तिने दोरी खोचली.

"हॅमारवो. बोला, कुनाला जोडू?"



"हॅलो," पलीकडून एक तरुण, इस्त्री केलेला आवाज म्हणाला. "मिसेस इंक्स्टर आजारी आहेत का? त्यांच्या जागी कोण बोलतंय?"

"म्याच हाय ती."

"माफ करा, मला मिसेस ग्रेस इंक्स्टर हव्या आहेत. मी त्यांचा आवाज ओळखते. रोज बोलते मी त्यांच्याशी."

"त्यो आवाज आता मिळायचा न्हाई. ह्यो वापरा."

पोरगी बिचारी कामाला नवी होती, दोनेक वर्षंच झाली असतील. ती कुठल्या बेटाची, कुणाची, घरी गेल्यावर काय बोलत असेल, याचा ग्रेसने आजवर कधी विचार केला नव्हता.

"पुन्हा एकदा म्हणता का?" पोरगी म्हणाली.

"न्हाई."

"मग मला वर कळवावं लागेल. लाइनीवर कसं बोलायचं त्याचा नियम आहे."

"कळवा की," गर्झी म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने मोकळी दोरी उचलली आणि फळ्यावरच्या भोकाशी धरली. "सायबाचा नंबर सांगा. म्याच जोडून देते."